चोविसावा कायझेन

भाऊजींचे तेवीस कायझेन झाले होते आणि वर्ष संपायला दहा दिवस उरले होते. चोविसावा काही केल्या सुचत नव्हता.

कायझेन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी लोक. त्यांच्यासाठी सांगायचं तर आपल्या कामात आपणच केलेली छोटीशी, सतत चालणारी आणि मुख्य म्हणजे स्वखुशीने केलेली सुधारणा. शब्द जपानी आहे. बिजागऱ्या आणि कड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मोठ्या साहेबांनी तो दोन दिवसांच्या शिबिराहून येताना आणला, आणि त्याच्या मागोमाग एक परिपत्रक काढलं. प्रत्येक कर्मचाऱ्याने वर्षाला चोवीस कायझेन स्वखुशीने द्यावेत. न दिल्यास बढतीसाठी विचार केला जाणार नाही.

बढती एकच होती. कार्यालय अधीक्षकाची जागा रिकामी झाली होती. त्या जागेला काचेची केबिन होती आणि दोन्ही हात शाबूत असलेली खुर्ची होती. खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेल्या भाऊजींच्या खुर्चीला डावा हात नव्हता, त्यामुळे त्यांना विचार करताना कायम उजवीकडे कलावं लागे. त्या जागेवर दोघांचा हक्क पोचत होता, भाऊजींचा आणि अकाउंट्समधल्या बाईंचा. बाईंचेही तेवीस झाले होते.

भाऊजींचं खरं नाव हजेरीपटावर होतं. पण त्यांचा मेहुणा याच कारखान्यात लागला आणि पहिल्याच दिवशी फाटकातून ‘भाऊजी, माझं ओळखपत्र घरी राहिलं’ म्हणून त्याने हाळी दिली. त्या दिवसापासून रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना भाऊजी म्हणू लागले. एखाद्याला चारशे मेहुणे असावेत आणि त्यातल्या एकानेही त्याला मान देऊ नये, हे दुःख सांगून कळण्यासारखं नाही. त्यातून जो खरा मेहुणा होता तो आता कायझेन विभागाचा प्रमुख झाला होता. कोणता कायझेन मान्य आणि कोणता अमान्य हे तो ठरवी, आणि त्याचे स्वतःचे एकेचाळीस झाले होते. हा आकडा भाऊजींना तोंडपाठ होता, कारण बायको तो रोज चहाबरोबर देई.

आता, भाऊजी आळशी होते असं कोणी म्हणू नये. तेवीस कायझेन त्यांनी प्रामाणिकपणे केले होते. पहिल्यांदा त्यांनी पेनं दोरीने टेबलाला बांधली. सहाव्या खेपेला कचऱ्याच्या डब्यावर ‘कचरा’ असं लिहिलं, त्यामुळे डबा ओळखण्यात जाणारा वेळ वाचला. चौदाव्या खेपेला टेबलावर स्टेपलरची बाह्याकृती काढली, म्हणजे वस्तू नेहमी आपल्या जागी परत येईल. स्टेपलर दुसऱ्या दिवशी हरवला. आकृती मात्र आजही जागेवर आहे. तेविसावा म्हणजे कायझेनचे कोरे अर्ज दुसऱ्या खणातून पहिल्या खणात आणले. त्यानंतर शोकांतिका अशी झाली की सुधारायला काही शिल्लकच राहिलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मेहुणा घरी आला तेव्हा भाऊजींनी आडून आडून विषय काढला. मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला आणि चेहरा ऑफिसातला केला. आपण घरी भाऊजी असाल, पण माझ्या खात्यात अर्जदार आहात, असं त्याने नम्रपणे सांगितलं. तरी सर्वांनाच देता येईल असा सल्ला त्याने दिला. गेम्बावर जा, म्हणाला. गेम्बा म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम घडतं ती जागा. तिथे नुसतं उभं राहायचं, बोलायचं नाही, बघायचं. अडचण आपण होऊन समोर येते.

शुक्रवारी भाऊजी खरेदी विभागाच्या दाराशी हात मागे बांधून दोन तास उभे राहिले. पहिल्या अर्ध्या तासात अडचण आली नाही, पण माणसं येऊ लागली. स्टोअरवाल्याला वाटलं साहेबांनी शिक्षा केलीय. त्याने खांद्यावर हात ठेवून दिवस बदलतात असं सांगितलं. कँटीनवाल्याने गुडघ्यांसाठी तेल सुचवलं, आणि ते कोणत्या बाजूला चोळायचं यावर त्याचं आणि स्टोअरवाल्याचं जुंपलं. शेवटी अकाउंट्समधल्या बाईंनी स्वतःची खुर्ची आणून दिली आणि न विचारता निघून गेल्या. अपमान केलेला परवडतो, पण प्रतिस्पर्ध्याने दिलेली खुर्ची फार बोचते. ती बसल्यावर तर जास्तच बोचली.

मात्र बसल्यामुळे त्यांची नजर खाली आली आणि कोपऱ्यातल्या झेरॉक्स मशीनवर पडली. मशीन त्यांच्या टेबलापासून सहा पावलांवर होतं. अगदी जवळ, अगदी सोयीचं. त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं, आणि नेमकं हेच बघून भाऊजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कायझेनच्या अर्जाला दोन फोटो लागतात, एक ‘आधी’चा आणि एक ‘नंतर’चा. नंतर तर समोरच होतं, चाकांवर उभं होतं. उणीव होती ती फक्त आधीची.

शनिवारी ऑफिस दुपारी सुटे. सकाळी साडेनऊलाच त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनचा ‘नंतर’चा फोटो काढून ठेवला, कारण चांगलं काम आधी उरकावं असं त्यांचं मत होतं. दोन वाजता सगळे गेल्यावर त्यांनी मशीन ढकलायला घेतलं. सुरुवातीला ते भलत्याच उत्साहाने निघालं. मग उंबऱ्यावर अडलं. भाऊजींनी पुढून ओढलं, मागून रेटलं, बाजूने समजावलं. शेवटी पाठ लावून जोर दिला तेव्हा ते अचानक सुटलं आणि भाऊजींना न घेताच बोळकांडीत पुढे गेलं. ते थांबलं ते थेट शेवटाला, स्वच्छतागृहाच्या भिंतीशी. तिथे प्लगची सोयही होती. भाऊजींनी टेबलापासून तिथवर चालून पावलं मोजली. ब्याण्णव. त्यांनी फोटो काढला. बोळकांडीकडे उघडणाऱ्या, वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा होता, पण तिकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत नव्हती.

अर्ज त्यांनी तिथेच, मशीनच्या पाठीवर ठेवून भरला. लेखणीला कधी नव्हे ती धार आली होती. ‘एका प्रतीसाठी एकशे चौऱ्याऐंशी पावलांची अकारण पायपीट. हे यंत्र इथे ठेवण्याची कल्पना ज्या कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली त्याने इतरांच्या पायांचा यत्किंचितही विचार केलेला दिसत नाही. यंत्र खरेदी विभागाच्या कोपऱ्यात आणल्याने ही अपव्ययाची परंपरा थांबली.’ खाली झोकदार सही केली आणि अर्ज भिंतीवरच्या कुलूपबंद पेटीत टाकला. किल्ली मेहुण्याकडे असे. फोटो फोनवरून त्याच्या विभागात पाठवायचे आणि पेटी उघडल्यावर ते तिथे छापून अर्जाला चिकटवले जात. मग ते मशीन परत न्यायला वळले, तोच रखवालदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला आणि म्हणाला, भाऊजी, बंद करायचंय. सोमवारी लवकर येऊन पाच मिनिटांत हलवू, असा हिशेब करून भाऊजी घरी गेले आणि जेवून निवांत झोपले. त्या वर्षातली ती त्यांची शेवटची निवांत झोप.

रविवारी रात्री रंगारी आला होता. पुढच्या महिन्यात मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार, म्हणून केबिनी आणि कुलूपबंद खोल्या सोडून जमिनीवरच्या प्रत्येक वस्तूभोवती पिवळी चौकट आखायचं काम त्याला दिलं होतं. वस्तूला जागा आणि जागेवर वस्तू, हे तत्त्व. एकदा पिवळ्या चौकटीत आलेली वस्तू बदल-अर्जावर सात सह्या झाल्याशिवाय हलवता येत नसे. सोमवारी भाऊजी आठ वाजता पोचले तेव्हा मशीनभोवती सुरेख पिवळी चौकट वाळत होती आणि वर भिंतीवर पाटी होती: ‘झेरॉक्स. हीच जागा.’ रंगारी डबे आवरत होता. त्याने खुलासा केला की जे जिथे दिसलं त्याला तिथे चौकट घातली. एका मांजरालाही घालणार होतो, पण ते उठलं.

भाऊजी आपल्या कोपऱ्याकडे धावले. कोपरा रिकामा नव्हता. तिथे अकाउंट्सची तीन लोखंडी कपाटं ओळीने उभी होती आणि बाई त्यांचा फोटो काढत होत्या. सकाळी साडेसातला येऊन बघते तर जागा ओस पडलेली, असं त्या म्हणाल्या. आमच्या खोलीला कुलूप होतं, तिथे चौकटी पडल्या नव्हत्या; फायली पायात येत होत्या, म्हणून दोन हमाल लावून कपाटं हलवली. वाया जाणाऱ्या जागेला जपानीत मुडा म्हणतात, ही माहितीही त्यांनी दिली. भाऊजींना ती होती. बाईंचा हा चोविसावा होता, आणि त्याला लागणारी जागा भाऊजींनी स्वतःच्या पाठीने रिकामी करून दिली होती.

बदल-अर्ज मागायला ते कायझेन विभागात गेले. तिथे मेहुण्याला ‘तुम्ही’ म्हणावं लागे. मेहुण्याने अर्ज दिला, पण त्यात ‘वस्तू पूर्वीच्या जागी नेणे’ असा रकानाच नव्हता, कारण सुधारणा फक्त पुढे जाते. ‘या बदलाने सुधारणा होईल का?’ यापुढे ‘हो’ आणि ‘खूप’ अशा दोनच चौकटी होत्या. अर्ज चार प्रतींत हवा होता. भाऊजी ब्याण्णव पावलं चालून गेले. तिसऱ्या प्रतीला कागद संपला. कागद खरेदी विभागात होता. ते ब्याण्णव पावलं परत आले.

त्या आठवड्यात सगळ्या कारखान्याने भाऊजींना चालताना पाहिलं. खरेदीच्या प्रत्येक ऑर्डरच्या तीन प्रती लागत, त्यामुळे त्या मशीनवर सगळ्यात जास्त काम त्यांचंच. स्टोअरवाल्याने बूट बदलायला सुचवलं. कँटीनवाल्याने तेलाची आठवण दिली. अर्जावर गुरुवारपर्यंत पाच सह्या झाल्या. सहावा सहीवाला रजेवर होता आणि सातवा म्हणे की सहाव्याच्या आधी मी कशी करू.

आणि मग गुरुवारी दुपारी मोठे साहेब स्वतः बोळकांडीत आले. त्यांच्या हातात स्टोअरचा तक्ता होता. कारखान्यात दिवसाला चार रीम कागद जायचा तो सोमवारपासून एकावर आला होता. लांब चालत जायचं म्हटल्यावर लोक विचार करू लागले, की या प्रतीची खरंच गरज आहे का. बहुतेक वेळा नव्हती. साहेबांना गहिवरून आलं. ही वर्षातली सर्वोत्तम सुधारणा आहे, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं, आणि ज्या अज्ञात सहकाऱ्याने हे यंत्र इथे आणलं त्याने शनिवारच्या बैठकीत पुढे यावं, अशी सूचना फलकावर लागली. खाली लाल शाईत होतं: बढतीसाठी या कायझेनला इतरांच्या वर प्राधान्य मिळेल.

भाऊजींनी सूचना दोनदा वाचली. अधीक्षकाची खुर्ची, दोन्ही हातांसह, एका वाक्यावर आली होती. ‘मी आणलं’ एवढंच म्हणायचं. फक्त त्यांच्याच सहीचा एक अर्ज कुलूपबंद पेटीत पडून होता, आणि त्यात ही वर्षातली सर्वोत्तम सुधारणा करणाऱ्याच्या डोक्याला त्यांनी सुपीक म्हटलं होतं. तेही कौतुकाने नव्हे.

शुक्रवारी संध्याकाळी मेहुणा घरी आला. त्याने चहा नको म्हटलं तेव्हाच भाऊजी समजले. त्याने खिशातून अर्ज काढून टेबलावर उलगडला आणि दोन्ही फोटोंवर बोट ठेवलं.

“भाऊजी, हा ‘आधी’चा फोटो शनिवारी दुपारी अडीचचा. आणि ‘नंतर’चा त्याच दिवशी सकाळी साडेनऊचा. फोटोवर वेळ उमटते. नंतर हे आधीच्या आधी कसं आलं?”

भाऊजी म्हणाले की घड्याळ चुकलं असेल. मेहुणा म्हणाला, दोन्ही फोटो एकाच फोनचे आहेत. मग आतून बायको आली. तिने अर्ज वाचला, नवऱ्याकडे बघितलं, आणि मग धाकट्या भावाकडे अशा नजरेने बघितलं की तो पाचवीत असल्यासारखा सरळ बसला.

“अरे, हा कागद पेटीत सापडलाच नाही असं नाही का म्हणता येत?”

“ताई, माझ्या खात्याचं नाव सतत सुधारणा आहे.”

“मग एखाद दिवस खंड पाड.”

मेहुणा बधला नाही. उद्या बैठकीत अर्ज ठेवावाच लागेल, असं सांगून तो उठला. दारात थांबून म्हणाला की तुम्ही स्वतःच सांगितलंत तर बरं दिसेल. मी दुसऱ्या क्रमांकावर बोलेन. तेवढी सवलत त्याच्या खात्यात बसत होती. तो गेल्यावर बायकोने दार लावून घेतलं. नंतर एवढंच म्हणाली की आठवडाभरात तुमचा पट्टा एक भोक आत गेलाय, ते मात्र खरं.

शनिवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, बैठक भरली. साहेबांच्या खुर्चीमागे चौकटीत वाक्य लावलेलं होतं: ‘दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो.’ भाऊजी त्या वाक्याकडे बघत उभे राहिले आणि यंत्र आपण हलवलं हे सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. मग मेहुण्याने अर्ज वाचला. टाळ्या जिथे होत्या तिथेच थांबल्या.

साहेब रागावले नाहीत. शिबिरात त्यांना अशा वेळेसाठी एक पद्धत शिकवली होती. ओळीने पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’ला मूळ कारण हाती लागतं. ते फळ्याशी गेले, खडू घेतला आणि शांतपणे विचारलं, “यंत्र का हलवलंत?”

“आधीचा फोटो हवा होता, साहेब.”

“खरी अडचण असेल तिचा का नाही काढलात?”

“खऱ्या होत्या त्या तेविसांत संपल्या.”

“मग थांबला का नाहीत?”

“चोवीस लागतात.”

साहेबांनी फळ्यावर तीन उत्तरं सुबक अक्षरात लिहिली. पद्धत उत्तम चालली होती. त्याच आनंदात ते म्हणाले, “आणि चोवीसच का?”

सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं. शेवटी मेहुण्याने, नियमाला धरून, परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख सांगितली. आणि सही कोणाची आहे तेही. साहेबांनी ते लिहायला हात उचलला आणि अर्ध्यात थांबवला. पाचवा ‘का’ शिल्लक होता, आणि तो विचारायला आता त्या खोलीत एकच माणूस होता, आणि विचारायचा होता तोही त्यालाच. साहेबांनी फळ्याकडे तोंड ठेवूनच खडू खाली ठेवला.

“मलाही मुख्य कार्यालयात आकडा द्यावा लागतो,” ते हळूच फळ्यालाच म्हणाले, आणि वेळेअभावी विश्लेषण चार ‘का’ंवर आटोपत असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

भिंतीवरच्या वाक्यामुळे शिक्षा कोणाला करता येईना. निर्णय असे झाले. यंत्र आहे तिथेच राहील. सर्वोत्तम सुधारणेचं प्रशस्तिपत्र त्याच्या वर लावलं जाईल; त्यावर करणाऱ्याच्या नावापुढे ‘परिस्थिती’ असं लिहिलं जाईल. भाऊजींचा अर्ज अमान्य. अधीक्षकपद अकाउंट्समधल्या बाईंना. आणि यापुढे असा प्रकार होऊ नये म्हणून प्रत्येक ‘आधी’चा फोटो जागेवर जाऊन तपासून त्यावर सही करण्याचं काम एका अनुभवी माणसाकडे दिलं जाईल. ‘अनुभवी’ म्हणताना साहेबांनी भाऊजींकडे बघितलं. बढती नव्हती, केबिन नव्हती, नुसती सही होती.

बैठक सुटल्यावर बाई जिन्यात थांबल्या होत्या. भाऊजींनी अभिनंदन केलं. ते फार कष्टाने निघालं. बाईंनी इकडे तिकडे बघितलं.

“त्या शनिवारी मी वरच होते, भाऊजी. खिडकीतून बघत होते. मदतीला खाली येणार होते.”

“मग आला का नाहीत?”

“म्हटलं, आधीचा फोटो चाललाय, मध्ये कशाला जा. माझा एकोणिसावा तसाच होता.” आणि त्या आपल्या काचेच्या केबिनीकडे गेल्या.

नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी भाऊजी शिक्का आणि शाईची डबी घेऊन आपल्या मोडक्या खुर्चीत बसले. आज कोण येणार, असं त्यांना वाटत होतं. वर्ष नुकतंच लागलेलं, लोकांकडे अजून खऱ्या अडचणी असणार. तरी साडेदहालाच दारावर टकटक झाली. मोठे साहेब होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि फोन पुढे केला. फोटोत त्यांची स्वतःची केबिन होती. त्यांचं भलंमोठं टेबल दाराला आडवं लावलेलं होतं, इतकं आडवं की आत शिरणाऱ्याला पोट आत घेऊन, खिडकीकडून वळसा घालून जावं लागावं.

जागेवर जाऊन बघणं नियमाने भाग होतं. भाऊजी साहेबांबरोबर केबिनीपर्यंत गेले. फोटो कोनातून काढलेला होता; प्रत्यक्षात टेबल अजून फोटोइतकं आडवं झालेलं नव्हतं. एक कोपरा यायचा बाकी होता, आणि साहेबांचा सदरा पाठीवर भिजलेला होता. भाऊजींनी टेबलाला एक वळसा घातला.

“कितवा?” भाऊजींनी विचारलं.

“पहिलाच,” साहेब म्हणाले. “पण या वर्षी वरून छत्तीस आलेत.”

भाऊजींनी अर्जावर शिक्का मारला, सही केली, फुंकर घालून शाई वाळवली. मग बाह्या वर सारल्या आणि टेबलाचं पलीकडचं टोक धरलं.

“ओढू नका साहेब,” ते म्हणाले. “उचलून घेऊ. फरशीवर रेघा उठतात.”